सोसायटी ग्रुप: प्लेग्रुपचं विचारायचं होतं

नेहा (सी-४०३): नमस्कार सगळ्यांना. लिफ्टच्या विषयात मध्येच घुसते, सॉरी. ते चर्चच्या आवारातलं प्लेग्रुप-डेकेअर आहे ना, तिथे आमच्या लेकीचं, ओवीचं नाव घालायचं म्हणतोय. सासूबाईंचं 'नको' सुरू आहे. कोणाची मुलं होती का तिथे? मला मकरपुऱ्याच्या कंपनीतून घरी यायला साडेसहा होतात.

जोशीकाका (ए-१०२): विचार कर बाई. डबा उघडण्याआधी हात जोडायला लावतात म्हणे.

स्वप्निल (बी-३०४): काका, तुम्ही चित्राहुती घातल्याशिवाय जेवत नाही 😄

जोशीकाका: तो आमच्या घरचा संस्कार आहे. तुझी गाडी आधी माझ्या जागेतून काढ.

कुलकर्णी काकू (सी-२०२): मुलाला घ्यायला कोण येणार त्यांची नावं फोटोसकट लेखी द्यायची. बाकी सगळं नंतर.

नेहा: काकू, हो. पण सहानंतर ठेवतात का?

जोशीकाका: गुजरातेत धर्मांतराचा कायदा आहे, २००३ पासून. माहीत असू द्या.

पवार वकील (डी-५०१): काका, तो कायदा जबरदस्ती, फसवणूक, आमिष यांसाठी आहे. डब्याआधीची प्रार्थना त्यात कशी बसवणार? नेहाताई, तुमच्या कामाचं आहे ते राज्यघटनेचं कलम २८(३). सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचं तर पालकांची संमती लागते. पण मान्यता नसलेलं प्लेग्रुप असेल तर हे कलम तिथे पुढे करता येणार नाही. म्हणून फॉर्म नीट वाचा. खाली बारीक अक्षरात 'संस्थेचे सर्व कार्यक्रम मान्य' असं असेल तर सही करण्याआधी विचारा. आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायदा इथे कामाचा नाही, तो ६ ते १४ वर्षांसाठी.

साळवी टीचर (बी-२०१): सकाळपासून वाचतेय. गणपतीची वर्गणी मी दरवर्षी सर्वांच्या आधी देते, तेव्हा कोणी माझा धर्म विचारत नाही. असो. नेहा, माझा धाकटा अशाच एका ठिकाणी होता. सकाळी छोटी प्रार्थना, आठवड्यातून एकदा बायबलमधली गोष्ट, डिसेंबरात येशूच्या जन्माचं, गोठ्याचं नाटक, त्यात निम्मी मुलं मेंढ्या होतात. सिस्टर म्हणजे नन चालवत असतील तर कॅथलिक, तिथे मुलं कपाळ-छाती-खांद्याला हात लावायला शिकतात. मेथडिस्ट हा प्रोटेस्टंट पंथ, त्यांच्याकडे तसं नसतं. आणि नावात 'सेंट' आहे म्हणून चर्चचंच असं समजू नका, कित्येकांनी इंग्रजी शोभावं म्हणून लावलंय. ट्रस्ट कोणाचा ते विचारा.

शिंदे मामा (ए-३०३): सेंट म्हटलं की फी वाढते, अत्तराचा परिणाम 😂

जोशीकाका: टीचर, मी तुम्हाला काही बोललो नाही.

साळवी टीचर: नाही, तुम्ही नुसतं 'म्हणे' म्हणालात.

कुलकर्णी काकू: फोटोसकट लेखी. गेल्या वर्षी कोणाचा तरी ड्रायव्हर भलतंच पोर घेऊन निघाला होता, विसरलात?

देशपांडे आजी (डी-१०१): आमच्या वेळी इथे बडोद्यात युनिव्हर्सिटीच्या होम सायन्सची चेतन बालवाडी होती. तिथे पोरं मातीत खेळायची, अक्षरं मागाहून. शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी भावनगरात १९२० सालीच बालमंदिर काढलं, ताराबाई मोडक तिथे जाऊन शिकल्या. आता अडीच वर्षांच्या पोराला ए फॉर ॲपल.

स्वप्निल: आजी, ओवीला प्रवेश मिळू द्या आधी.

देशपांडे आजी: मिळू दे की. मी फक्त विचारायला सांगते, लिहायला बसवतात का?

पवार वकील: बरोबर आहे आजींचं, घाई नको. गुजरातेत २०२३-२४ पासून पहिलीला १ जूनला ६ पूर्ण लागतात. लवकर घातलं तर शेवटी एक वर्ष केजीत बसून राहील.

नेहा: साडेसहा...?

साळवी टीचर: डेकेअरवाल्या बाईंना विचारलं मी आत्ता. सहापर्यंत, पुढे अर्ध्या तासाचे जादा पैसे. खरी अडचण वेगळी आहे. नाताळपासून नव्या वर्षापर्यंत आणि गुड फ्रायडेला डेकेअरही बंद. तुझी कंपनी तेव्हा चालू असणार.

नेहा: हे कोणीच सांगितलं नव्हतं 😟

स्वप्निल: कंपनीत ५० किंवा जास्त माणसं आहेत ना? मग पाळणाघराची सोय कंपनीनं करायची, मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून हा नियम आहे. दिवसातून चारदा बाळाला बघायला जायचीही मुभा आहे. एचआरला मेल टाक.

शिंदे मामा: एचआर म्हणेल, पोहोचलं, बघतो.

जोशीकाका: डब्यात अंडं चालतं का तिथे?

साळवी टीचर: डबा तुमचा, काका. दुसऱ्याच्या डब्यातलं उचललं तर मात्र मदतनीस बाई बघत असायला हव्यात. म्हणून एका बाईकडे किती मुलं ते विचारायचं. बालहक्क आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस आहे. सकाळी प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये बसून हे कळत नाही. दुपारी दोनला, न सांगता जायचं, पोरं झोपलेली असतात तेव्हा. गाद्या ओल्या आहेत का, बाई मोबाईलवर आहेत का, बाथरूमला कडी किती उंचीवर आहे.

कुलकर्णी काकू: आणि घ्यायला येणाऱ्यांची नावं...

स्वप्निल: फोटोसकट 🙏

चेअरमन: विषय आवरा. उद्या ११ ते २ टाकी साफ होणार, पाणी भरून ठेवा. स्वप्निल, गाडी.

नेहा: टीचर, मंगळवारी हाफ डे टाकते. याल का माझ्याबरोबर?

साळवी टीचर: येते. सासूबाईंनाही घे, त्यांना बाथरूमची कडी दाखवू.