उपासातून वाचलेला शिधा

ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस मांसाहार सोडला की ख्रिस्ती उपास पूर्ण होतो, असे या चर्चेत एका सदस्यांनी लिहिले आहे. त्यात थोडी भर घालावीशी वाटते. कॅथलिक नियमानुसार राखेचा बुधवार (या उपासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे या दोन्ही दिवशी १८ ते ५९ वयाच्या निरोगी व्यक्तीने एकच पूर्ण जेवण घ्यायचे असते, तर प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हे बहुधा ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपवलेले असते. मात्र मला नियमापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातील ५८व्या अध्यायातला सवाल: उपासाच्याच दिवशी मजुरांना राबवून घेत असाल, तर तो उपास देवाला कसा मान्य व्हावा? भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्यावा, असे तो पुढे सांगतो. इंदुरात उपास म्हटला की साबुदाण्याची खिचडी हमखास आठवते, पण आमच्या घरी गुड फ्रायडेच्या दुपारी गॅस पेटतच नाही. वाचलेल्या शिध्याचे पैसे आई डब्यात टाकते आणि ईस्टरपूर्वी ते, नाव न सांगता, एखाद्या गरजू कुटुंबाकडे पोहोचवते. मधुमेह किंवा गरोदरपण असेल, तर जेवण सोडण्याचा आग्रह कुणीही धरू नये, असे माझे ठाम मत आहे.