अर्ध्या कोयत्याचा हिशेब

"मुली शिकल्या की लग्नाचं वय आपोआप वाढतं" असं म्हणतात. पटतं, पण आमच्या बीडकडे मधे ऊसतोड येते. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, उचलही निम्मी. म्हणून तोडणी मजुरांच्या टोळ्या निघायच्या आत त्याचं लग्न उरकतात. शिवाय आईबाप पाच-सहा महिने कारखान्यावर, मग वयात आलेली लेक गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची?

कायद्यात लग्नाचं वय मुलीला 18 आणि मुलाला 21 हे 1978 पासूनच आहे. तरी माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी नववीतून अशीच लग्न होऊन गेली. भूमितीची वही अर्धी लिहिलेली, अजून माझ्या कपाटात आहे. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठीचं गावातलं हंगामी वसतिगृह टोळ्या निघण्याआधी सुरू झालं असतं, तर ती दहावीला बसली असती.