डोपामिनच्या नावावर बिल फाडणं बंद करा

कोपरीकर:
सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी सकाळीच टाकलं, "मुलं रील्स बघतात त्यात त्यांचा दोष नाही, मेंदूत डोपामिन नावाचं रसायन सुटतं." डोकंच फिरलं. डोपामिन म्हणजे काय सुखाचा नळ आहे, सोडला की धो धो? मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झचे माकडांवरचे प्रयोग बघा. आधी दिवा लागायचा, मग रस मिळायचा. सवय झाल्यावर डोपामिनच्या पेशी रसाला सोडून दिव्यालाच उसळायला लागल्या, आणि दिवा लागूनही रस आला नाही की मंदावायच्या. हिशेब अपेक्षेचा आहे, मजेचा नाही. आणि मेंदूत काहीतरी घडतं ते पाढे म्हणतानाही घडतं की! तेव्हा शाबासकी पोराला आणि रील्सच्या वेळी दोष डोपामिनला? हा कुठला न्याय?

घोडबंदरग्रस्त:
गायमुखला तासभर अडकलो की शिव्या मी देत नाही, माझा अमिग्डाला देतो, मेंदूतला राग-भीतीचा भाग. बायकोला सांगून पाहिलं. पटलं नाही.

ऐरोलीची:
शुल्ट्झ वाचलात, छान. माझ्या बाबांना पार्किन्सन्स आहे. दुसरा चहा मागवतानाही विचार करणारा माणूस, प्रामिपेक्सोल (मेंदूत डोपामिनसारखं काम करणारी गोळी) सुरू झाल्यावर लॉटरी घ्यायला लागला. तिकिटं आईला सापडली जुन्या पंचांगात, रबर लावून, तारखेप्रमाणे (बाबा बँकेत होते). महिनाभर आम्ही त्यांना नको नको ते बोललो. शेवटी डॉक्टरांनीच विचारलं, "जुगार, खरेदी, असलं काही?" गोळी हळूहळू कमी केली, लॉटरी सुटली. आता सांगा, दोष कोणाचा?

कोपरीकर:
ताई, ते औषध आहे. रील्स औषध नव्हे.

ऐरोलीची:
रील्सचं मी बोललेच नाही. बिल आम्ही बाबांच्या नावावर फाडलं होतं, एवढंच.

पामबीच:
फिनिअस गेज, अमेरिकेतला रेल्वेचा मुकादम, १८४८. लोखंडी सळई डोक्यातून आरपार, माणूसच बदलला. विषय संपला.

कोपरीकर:
तोच गेज पुढे चिलीत बरीच वर्षं घोडागाडी हाकत होता. ते कोणी सांगत नाही.

पामबीच:
बरं बाबा. तुम्हा सगळ्यांना ठाण्याला नेऊन ठेवायला हवं.

नौपाड्याचा:
आलंच का! जन्मभर ऐकतोय. माझा मामा होता तिथल्या मनोरुग्णालयात. दर रविवारी आजी अळूवडीचा डबा घेऊन जायची आणि कंडक्टरकडे त्या स्टॉपचं तिकीट मागताना आवाज खाली करायची. तुमच्यासारख्या गमत्यांमुळे.

पामबीच:
अहो, गंमत केली. ठाणेकर फार हळवे.

घोडबंदरग्रस्त:
हळवे नाही, खड्ड्यांनी खिळखिळे.

नौपाड्याचा:
खाडीत भराव टाकून वसलेल्या नवी मुंबईकरांनी आम्हाला शिकवू नये.

पामबीच:
निदान आमचे रस्ते सरळ आहेत. मामांचं माहीत नव्हतं. सॉरी.

नौपाड्याचा:
रस्ते सरळ, बोलणं वाकडं. असो.

कोपरीकर:
धागा कुठे गेला? ऐरोलीच्या ताई, बाबांपुरतं मान्य. शीर्षकात 'बंद करा'च्या जागी 'डॉक्टरांना विचारून फाडा' असं वाचावं.

ऐरोलीची:
उपकार झाले. बाबांना वाचून दाखवलं. म्हणतायत, त्यातल्या एका तिकिटाला शंभर रुपये लागले होते, ते कोणी घेतले?