झबलं वर करून श्वास मोजा

वर एका ताईंनी लिहिलंय की गावाकडच्या बाळांना सर्दी-खोकला चालायचाच, तीन-चार दिवस वाट बघावी. खोकल्याचं एकवेळ ठीक, पण श्वास वाढला असेल तर एक तासही थांबू नका, हे कळकळीनं सांगतेय.

आम्ही इंदूरचे, शेती देपालपूरकडे. गेल्या थंडीत सालदाराची सून आठ महिन्यांचं बाळ घेऊन आली, "पसली चल रही है" म्हणत, म्हणजे श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाताहेत. झबलं वर केलं, तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. बाळ निजलेलं असताना घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजले, ६४ भरले. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६०, वर्षाच्या आतल्याला ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका धरायची. रडताना मोजू नका, आकडा फसवतो.

घरी आजी डाम द्यायला निघाली होती. झाबुआकडे तर हे अजून सर्रास चालतं. आजीची माया खोटी नाही हो, पण तापल्या सळईनं छातीतला जंतू मरत नाही, कोवळी कातडी तेवढी जळते आणि वेळ हातचा जातो. आम्ही तडक दवाखाना गाठला. पाचव्या दिवशी पोर अंगावर पिऊ लागलं.

आणि न्यूमोनियाच्या एका जंतूपासून वाचवणारी न्यूमोकोकलची लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना सरकारी केंद्रात फुकट मिळते. आशाताईंना विचारा. चुलीच्या धुरापाशी बाळाची झोळी बांधू नका, एवढं तरी आजच करता येईल.