चाकण भागातली झेडपी शाळा: युडायसच्या आकड्यांवरून काय ठरवायचं?

लातूरची_लेक

मंडळी, मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीला जाईल. मिस्टर एमआयडीसीत, राहायला चाकणजवळच्या गावात. गावात झेडपीची शाळा आहे, पहिली ते सातवी. दुसरा पर्याय व्हॅनने जायची इंग्लिश मीडियम. फी अधिक व्हॅन म्हणजे ओढाताणच.

युडायस प्लस म्हणजे शाळांच्या माहितीचं सरकारी पोर्टल, त्यावरून शाळेचं रिपोर्ट कार्ड काढलं. पट दोनशेच्या वर. पहिलीत मुलं कमी आणि चौथी-पाचवीत जास्त, हे कोडं सुटलं नाही. प्रवर्ग, मुलं-मुली, दिव्यांग, अल्पसंख्याक, सगळे आकडे आहेत. मुलांना येतं काय, ते मात्र कुठेच नाही. शेजारच्या वहिनी म्हणतात, "तिथं सगळी बाहेरची नि वीटभट्टीवरची पोरं, शिकवणं होत नाही." (तशी आमचीही बाहेरचीच म्हणायची!) शिकवणं होतं की नाही, हे पालकाने ओळखायचं कसं? "इंग्लिश मीडियमच बरं" हा सल्ला घरात रोज मिळतो, तो नको.

खडू_फळा

ताई, मी झेडपीत शिक्षक आहे, तुमच्या तालुक्यात नाही पण अशाच कंपनीपट्ट्यात. चौथीत मुलं जास्त दिसतात कारण ती वरच्या वर्गात येऊन मिळतात. आईवडील आधी एकटे येतात, खोली घेतात, जम बसला की गावाकडून पोरं आणतात. तोवर पोरगं तिसरी-चौथीत गेलेलं असतं. काही मराठवाड्यातून येतात, काही बिहार-यूपीतून, त्यांची आधीची दोन-तीन वर्षं हिंदीत झालेली. अशा वर्गाची सरासरी काढली तर ती आमच्या शाळेची कमी आणि पोराच्या आधीच्या शाळेची जास्त असते.

म्हणून वर्गशिक्षकांना एकच विचारा: पहिलीपासून इथेच असलेली चौथीतली मुलं कशी आहेत? तुमची मुलगी पहिलीपासून बसणार, तिची तुलना त्यांच्याशीच. 2023-24 पासून वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत आणि सत्रांच्या शेवटी दोन संकलित चाचण्या होतात, प्रथम भाषा, गणित, इंग्रजी. गुण आम्ही पोर्टलवर भरतो, शाळेकडे असतात. बाकी पोरांची नावं नका मागू, एकूण चित्र शिक्षक सांगतील. सांगायची टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच समजा.

दुसरं म्हणजे शिक्षकसंख्या. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणं, 30 सप्टेंबरच्या पटावर होते. भट्ट्या पेटतात दिवाळीनंतर, तेव्हा जी मुलं येतात ती त्या हिशेबात नसतात. कागदावर 30 मुलांना 1 शिक्षक दिसला तरी जानेवारीत वर्गात किती बसलीत ते जाऊन बघा.

ऊसपट्टा

आमच्याकडे बरोबर उलटं. बीड जिल्हा. सप्टेंबरला पट भरलेला, दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला जातात नि वर्ग ओस. हंगामी वसतिगृह असलं तर आजी-आजोबांकडे राहून काही पोरं टिकतात, बाकीची फडावर. कार्डावर दोन्ही शाळा सारख्याच दिसतील.

सडेतोड

खडू_फळा सर, मान्य. पण "पोरं बदलतात हो" हे पालुपद मी प्रत्येक झेडपी शिक्षकाच्या तोंडून ऐकलंय. आमच्या गावच्या शाळेत एकही बाहेरचं पोर नव्हतं, तरी पाचवीतल्यांना हातच्याची वजाबाकी येत नव्हती. त्याला कारण काय द्यायचं?

ताई, 'असर'वाले, म्हणजे मुलांना वाचन-गणित किती येतं ते तपासणारे, करतात तेच करा. त्यांचा सर्वे घरोघरी होतो, आकडे जिल्ह्या-राज्याचे, त्यामुळे तुमच्या शाळेचा निकाल त्यात मिळणार नाही. पण पद्धत उचलता येते. वाडीतली चौथी-पाचवीची दोन-चार पोरं ओट्यावर बसवा. दुसरीच्या पुस्तकातली गोष्ट वाचायला द्या. 41 वजा 17. मग तीन अंकी संख्येला एका अंकाने भागायला सांगा. अक्षराला अक्षर जोडत वाचतंय की सलग, पाच मिनिटांत कळतं. गेटवरच्या शिष्यवृत्तीच्या फ्लेक्सला भुलू नका. फोटो किती यापेक्षा परीक्षेला बसवले किती ते विचारा.

खडू_फळा

सडेतोड, तुमच्या गावचं उदाहरण शिक्षकाच्याच माथी आहे, त्यात वाद नाही. म्हणून तर पहिलीपासूनची मुलं वेगळी काढा म्हटलं. ती वाचत नसतील तर आमच्याकडे बोलायला तोंड नाही. फक्त ओट्यावर बसवलेलं पोर दोन महिन्यांपूर्वी आलेलं नाही ना, एवढं विचारून घ्या. आणि छोट्या वर्गाची टक्केवारी काढू नका. चौथीत सात मुलं असतील तर एक पोर तापाने आजारी पडलं की 14 टक्के गेले.

समितीवाली_आई

मी अशाच एका शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या बायका. कागदावर. आमच्याकडे आधी ठरावावर सह्या घ्यायला घरी माणूस यायचा. बैठकीचं रजिस्टर बघायला मागा. शेवटच्या दोन-तीन बैठकांत फक्त रंगकाम आणि पोषण आहार असेल तर अभ्यासाकडे कुणाचं लक्ष नाही असं समजा. आमच्यात आता हजेरीवर बोलणं होतं, कुठलं पोर आठवडाभर आलं नाही ते नावानिशी.

पहिलीचा वर्ग सकाळी अर्धा तास बाहेरून बघा. आमच्या मॅडम हिंदी बोलणाऱ्या पोराला "पेन्सिल कुठाय?" विचारून स्वतःच पेन्सिल उचलून दाखवतात, शेजारची मुलगी त्याला शब्द पुरवते. दिवाळीपर्यंत ते पोर मराठीत भांडायला लागतं. जिथे अशा पोराला मागच्या बाकावर चित्र रंगवायला बसवलेलं दिसेल, तिथे तुमच्या मुलीकडेही फारसं लक्ष जाणार नाही.

लातूरची_लेक

खूप आभार सगळ्यांचे. मागच्या वर्षीचंही कार्ड काढलं. तेव्हाची पहिली आणि आत्ताची दुसरी, आकडा जवळपास तोच.

खडू_फळा

आकडा तोच म्हणजे मुलं तीच असं नाही हो ताई. आठ गेली नि आठ आली तरी बेरीज तीच. जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांची नोंदवही, त्यावरून किती दाखले गेले ते मुख्याध्यापक सांगतील.

लातूरची_लेक

हे लक्षातच आलं नसतं! सोमवारी जाते. मुलगी ऑक्टोबरची आहे, वयाची अडचण येईल का? आधारवर जन्मतारीखही चुकलीय.

समितीवाली_आई

31 डिसेंबरला सहा पूर्ण होत असतील तर काही अडचण नाही. जन्मदाखला न्या, आधार नंतर दुरुस्त करा. कागद अपुरा म्हणून प्रवेश अडवता येत नाही. जाताना परिपाठाच्या वेळेला जा.