मदत हवी आहे: माझ्या गेममधले नायक सोडून खेळाडू टपालवाल्याच्या प्रेमात!

मी एकटीच एक रोमान्स गेम बनवतेय, व्हिज्युअल नॉव्हेल प्रकारातला, म्हणजे चित्रं बघत, संवाद वाचत, पर्याय निवडत खेळायचा. प्रेमाचे रूट चार, म्हणजे एकेका नायकाबरोबर पुढे जाणारे कथेचे चार मार्ग. पण डेमो खेळलेले बहुतेक जण एकच विचारतात, "त्या टपालवाल्याचा रूट कुठाय?" त्याचे संवाद मोजून अकरा! नायकांवर मी वर्षभर डोकं फोडलं आणि हा एका दुपारी लिहिलेला.

चूक माझीच असावी. त्याला वेगळं स्प्राइट (पडद्यावर दिसणारं पात्राचं चित्र) दिलं, शिवाय तो विचारपूस करतो तिथे उत्तराचे तीन पर्याय ठेवले. पर्याय दिसले की खेळाडूला वाटणारच, इथे काहीतरी जुळणार.

'स्टारड्यू व्हॅली' या शेतीच्या गेममध्ये शेन आणि एमिली ही आधी लग्न न करता येणारी पात्रं २०१६च्या १.१ अपडेटमध्ये लग्नासाठी खुली झाली, हे माहीत आहे. पण माझ्याकडे नवा रूट म्हणजे नवी चित्रं, नवे शेवट आणि बाकीच्या चारही रूटमधले त्याचे उल्लेख तपासणं. एवढा दम नाही.

मग ते पर्याय काढून टाकू, की मैत्रीचाच एक छोटा पण नीट संपणारा शेवट देऊ? की त्याचं आधीच कुणाशी जुळलंय असं सुरुवातीलाच दाखवू? (हे जरा दुष्टपणाचं वाटतं.) कुणी असं केलं असेल तर खेळाडू चिडले का, तेही सांगा.