पुढचे टायर आतून खाल्लेत, लोअर आर्मचे बुश बदलायचेत – रबरच की पॉलीयुरेथेन?

मेढा_रिटर्न
नमस्कार मंडळी. गाडी डिझेल हॅचबॅक आहे, २०१४ ची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर दरवेळी धागा तिकडंच भरकटतो. मी साताऱ्यात राहतो, मेढ्याला सारखं जाणं असतं आणि अधूनमधून पुणं, येताना खंबाटकी चढून. तर झालंय असं की पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूनं खाल्लेत. उभं राहून बघितलं तर नक्षी मस्त दिसते, पंक्चरवाल्यानं चाक काढलं तेव्हा कळलं की आतली कड जवळजवळ गुळगुळीत झालीय. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, केलेली होती हो, मशीनवर सगळे आकडे हिरवे आले, प्रिंट पण आहे, पण थोडे दिवस गाडी सरळ चालली आणि मग परत स्टिअरिंग डावीकडं. ब्रेक मारला की पुढून एक टक् आवाज येतो, रिव्हर्सला ब्रेक मारला की परत टक्. हायवेला ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग मधोमध जरा ढिलं वाटतं, म्हणजे हात हलतो आणि गाडी मागून विचार करते.

एक गॅरेजवाला म्हणतो लोअर आर्मचे, म्हणजे चाक खालून धरणाऱ्या दांड्याचे, सांध्यातले रबरी बुश गेलेत, पूर्ण आर्मच टाका. दुसरा म्हणतो आर्म चांगला आहे, नुसते बुश प्रेस करून देतो. आणि पुण्यातला मित्र म्हणतो रबराच्या नादाला लागू नको, पॉलीयुरेथेन टाक, ते रबरापेक्षा कडक, परत बघायला नको. तिघांची तीन तोंडं. कोणी केलंय का हे काम आपल्या भागात? टायर नवीन घ्यायचेत पण हे मिटल्याशिवाय घ्यायला मन होईना.

मिरज_जंक्शन
हवा किती ठेवता? आमच्याकडं निम्म्या तक्रारी हवेनंच मिटतात. आधी तेवढं बघा मग गाडी खोला.

चौदा_पंधराचा_पाना
हवेचं न्हाई हे. हवा कमी असली तर दोन्ही कडा खातंय, जास्त असली तर मधला पट्टा. एकच कड, ती पण आतली, आणि दोन्ही चाकांची, म्हणजे टो (चाकाचं तोंड) बाहेर गेलाय न्हाईतर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बिघडलाय. आन् ब्रेकला टक् वाजतंय म्हणल्यावर तुमचा लोअर आर्मचा मागचा मोठा बुश फाटलाय, नव्वद टक्के तेच.

मशीनवर हिरवं का येतंय ते सांगतो, लय लोक यात फसतात आणि अलाइनमेंटवाल्याला शिव्या देतात. मशीन मोजतंय गाडी उभी आसताना. उभ्या गाडीत फाटका बुश पण आर्मला जाग्यावर धरून बसतोय. तुम्ही ब्रेक दाबला की रस्ता चाकाला मागं ढकलतोय, बुशमधी दम न्हाई म्हणल्यावर आर्म मागं सरकतोय आणि चाकाचं तोंड बदलतंय, ब्रेक सोडला की परत पुढं. दिवसभर हेच. मशीनला ह्यातलं काय दिसणार? तेव्हा बुश न बदलता परत अलाइनमेंट करू नका, पैसे वाया.

घरच्या घरी बघायचं आसंल तर एकजण गाडीत बसवा, मोकळ्या सपाट जागेत गाडी इंचभर पुढं घेऊन ब्रेक, इंचभर मागं घेऊन ब्रेक. तुम्ही बाजूला लांब उभं राहून पुढच्या चाकाकडं बगा, चाकाच्या पुढं नको. मडगार्डच्या मधी चाक मागं-पुढं सरकताना डोळ्याला दिसलं तर आणखी कुणाला इचारायची गरज न्हाई. गॅरेजला पहार घालून हलवून दाखवत्यात, ते पण चालतंय, पण पहारीनं चांगला बुश पण थोडा हलतो, रबरच हाय ते, तेवढ्यावर घाबरू नका. फाटलेली चीर दिसली पाहिजे न्हाईतर रबर आतल्या नळीपासून सुटलेलं दिसलं पाहिजे.

आणि हे करताना टाय रॉड एंड (स्टिअरिंगकडून चाकाला येणाऱ्या दांडीचं टोक) आणि बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोल सांधा) पण बघून घ्या. चाक उचलून डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवलं आणि खेळ आला तर बहुतेक टाय रॉड, वर-खाली धरून आला तर बॉल जॉइंट न्हाईतर बेअरिंग.

यवतेश्वर_टॉप
मी पॉलीवाला. माझ्या गाडीत स्टॅबिलायझर बारचे (वळणात गाडी झुकू नये म्हणून असतो तो दांडा) डी बुश आणि स्टिअरिंग रॅकचे बुश पॉलीचे आहेत आणि कासला जाताना यवतेश्वरच्या वळणांवर जो फरक पडलाय ना तो सांगून कळणार नाही, गाडी हाताबरोबर वळते. रोल पण कमी झाला. तेव्हा पॉली वाईट म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. हां, कुरकुर करतात, उन्हाळ्यात कोरडे पडले की स्पीड ब्रेकरवर जुन्या झोपाळ्यागत आवाज. सिलिकॉन ग्रीस लावलं की गप्प बसतात. साधं ग्रीस नको, आजूबाजूच्या रबराला त्रास होतो.

पण लोअर आर्मला मी टाकले नाहीत. ज्याच्याकडून घेतले त्यानंच सांगितलं की रोज फॅमिली घेऊन फिरत असशील तर आर्मचं रबरच राहू दे. विकणारा माणूस नको म्हणतोय म्हणल्यावर मी ऐकलं.

मेढा_रिटर्न
बापरे, एवढी माहिती तर दोन्ही गॅरेजवाल्यांनी मिळून दिली नव्हती. पाना भाऊ, तुम्ही सांगितलेली टेस्ट संध्याकाळी केली, मुलाला स्टिअरिंगवर बसवून. डावं चाक सरळ सरळ मागं जातंय, उजवं कमी. म्हणजे बुश नक्की. आता प्रश्न एवढाच की आर्मला पॉली का नको? स्टॅबिलायझरला चालतं मग इथं काय बिघडतं? आणि आर्म पूर्ण टाकू की बुश?

कुपवाडकर
मी रबर मोल्डिंगच्या लाइनमध्ये आहे, कारचं काम करत नाही पण बुश कसा बनतो ते रोज बघतो, म्हणून लिहितो.

कंपनीचा रबर बुश म्हणजे नुसतं मधे कोंबलेलं रबर नसतं. आतल्या नळीला आणि बाहेरच्या पत्र्याला ते चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा नळी फिरत नाही, रबरच पिळतं आणि परत सरळ होतं. हेच त्याचं काम. पॉली तसं चिकटवलेलं नसतं, ते आतल्या नळीवर घासत फिरतं, म्हणून ग्रीस लागतं आणि म्हणून कुरकुर. शिवाय ते कडक, खड्ड्याचा दणका रबर थोडा पिऊन टाकतं, पॉली तो पुढं सरकवतं, बॉल जॉइंटला, सबफ्रेमला (खालच्या सांगाड्याला) आणि तुमच्या हाताला. स्टॅबिलायझरच्या डी बुशमध्ये बार फक्त गोल फिरतो, म्हणून तिथं पॉली सुखानं राहतं. लोअर आर्मच्या मागच्या बुशला वेगवेगळ्या दिशेनं हालचाल असते, आणि तो थोडा मऊ मुद्दाम ठेवलेला असतो, काही गाड्यांत तर रबरात चक्क मोकळ्या फटी सोडलेल्या असतात, चाक खड्ड्यात आपटलं की किंचित मागं जावं म्हणून. त्या फटी कुठल्या बाजूला यायच्या हे ठरलेलं असतं, खूण असते. प्रेस करणाऱ्यानं फिरवून बसवला तर नवीन बुश असूनही गाडी विचित्र वागणार.

ट्रॅकवर पळवायची गाडी असेल तर पॉली जरूर. मेढा आणि पुणे करायचं तर चांगलं रबरच. पेठ नाका ते सांगली हा रस्ता एकेकाळी ज्यांनी सोसलाय त्यांना मऊ बुशची किंमत वेगळी सांगायला नको. आमच्या ऑफिसमधले तर त्या रस्त्यानं कराडला जायला पाहुण्यांची गाडी मागायचे.

आणि टायर का खातो त्याचा हिशोब एकदा डोक्यात बसू द्या. चाक सरळ दिशेपासून नुसतं पाव डिग्री वळलेलं असेल तर दर किलोमीटरला ते साधारण साडेचार मीटर आडवं घासलं जातं. एक डिग्री असेल तर सतरा मीटर. आता हे पुण्याच्या एका फेरीला मोजा. डोळ्याला पाव डिग्री दिसत नाही, स्टिअरिंगला पण फारसं कळत नाही, कळतं ते टायर गेल्यावर.

चौदा_पंधराचा_पाना
कुपवाडकर साहेब बरोबर बोलले. आता पूर्ण आर्म की बुश ते. तुमच्या गाडीत बॉल जॉइंट आर्मलाच पक्का आसंल आणि त्यात पण खेळ आसंल तर पूर्ण आर्म टाका, एकदाच उरकतंय. बॉल जॉइंट टाइट आसंल, आर्म वाकलेला नसंल, तर नुसता बुश प्रेस करून चालतंय, पैसे वाचतात. फक्त हायड्रॉलिक प्रेसवर करणारा माणूस बघा. हातोड्यानं मारून बाहेर काढणारे हायत, त्यात आर्मचं भोक खराब होतंय आणि मग नवीन बुश पण ढिला. आन् दोन्ही बाजू करा, एकच बाजू करू नका, डावी कडक उजवी मऊ आसली की गाडी परत वढणार.

पण खरी गंमत पुढं हाय, आणि ही गोष्ट निम्मे फिटर करत न्हाईत कारण येळ जातो. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळलेली, तशातच बुशचा बोल्ट फुल टाइट करून देतात. रबर चिकटवलेलं हाय म्हणल्यावर ते त्या लोंबकळलेल्या जाग्यावर धरलं गेलं. गाडी खाली उतरवली की आर्म वर येतोय आणि ओला टॉवेल पिळून धरावा तसं रबर कायमचं पिळलेलं राहतंय. उभ्या गाडीत पण पिळलेलं. वर खड्डे. आसा बुश लय लवकर फाटतोय आणि मग लोक म्हणतात माल डुप्लिकेट होता. म्हणून बोल्ट आधी फक्त हातानं लागंल तेवढाच, गाडी चाकांवर खाली घ्या, पुढं-मागं ढकला, सस्पेन्शन दाबून बसू द्या, आणि मग गॅरेजच्या खड्ड्यात उतरून न्हाईतर रॅम्पवर घेऊन टाइट करा, कंपनीनं दिलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरवून दिलेल्या जोरानं. रॅम्प नसंल तर आर्मच्या खाली दुसरा जॅक लावून गाडीचं वजन आर्मवर येईल तेवढा उचलायचा, ते पण चालतंय. फिटरला आधीच सांगा, दादा गाडी खाली घेऊन टाइट करायचं. तो तुमच्याकडं जरा बघंल. बघू द्या.

यवतेश्वर_टॉप
हे भारी सांगितलं. स्टॅबिलायझर लिंक बदलताना मला पण एकानं हेच सांगितलेलं.

मेढा_रिटर्न
पाना भाऊ, सांगलीत कुठं आहात? शंभर फुटी रस्त्याला? गाडी घेऊनच येतो तिकडं, साताऱ्यात कोणाला हे सांगायला गेलो तर वाद व्हायचा.

चौदा_पंधराचा_पाना
या की, पण एवढ्या लांब यायची गरज न्हाई, साताऱ्यात प्रेस आसलेले चांगले कारागीर हायत. पत्ता इथं टाकत न्हाई, मेसेज करा. आणि आतली कड गुळगुळीत झालेले टायर घेऊन पावसात मेढ्याच्या रस्त्याला जाऊ नका. नक्षीची खोली १.६ मिलीमीटरच्या खाली गेली की टायर संपला, मग बाहेरची बाजू कितीबी चांगली दिसू दे.

कुपवाडकर
क्रम असा ठेवा, बुश झाले की नवीन टायर, आणि त्यानंतर अलाइनमेंट, उलटं नको. प्रिंट घ्याल तेव्हा टो बघून थांबू नका, डाव्या-उजव्या चाकाच्या कॅम्बरमधला फरक पण बघा. तुमच्या गाडीत कॅम्बर बहुतेक ॲडजस्ट होत नसणार, अशा गाड्यांत टोच फिरवता येतो. फरक जास्त आला तर बुशला दोष देऊ नका, कधीतरी मोठ्या खड्ड्यात स्ट्रट (शॉकअपचा खांब) किंवा नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) वाकला असेल. आणि एवढं करूनही गाडी डावीकडं गेली तर पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावून बघा, टायरला दिशेचा बाण नसेल तर. ओढ उजवीकडं गेली तर दोष टायरमध्येच. तशीच राहिली तर आधी रस्त्याचा उतार बघा, आपल्याकडं बहुतेक रस्ते डाव्या कडेला उतरतात, थोडी ओढ राहणारच.

मिरज_जंक्शन
आणि हवा पण बघा 😄